दोन ओळी बीटाच्या

गेल्या वीकांताला साताऱ्याला मावशीकडे गेलो होतो. उद्देश शुद्ध खादाडीचा. पण दारात चपला काढतोय तोवर दिसलं, मावसबहीण लॅपटॉप मांडीवर घेऊन रडवेला चेहरा करून बसली आहे. आयटीतल्या माणसाला नातेवाइकांकडे चहाच्या आधी बिघडलेला प्रिंटर दाखवतात, हा अनुभव तुम्हालाही असेलच. इथे प्रिंटर नव्हता. हळदीची पानं होती. मोजून २४० पानांचे फोटो.

"दादा, पान एकच आहे. कॉलेजच्या लॅबमध्ये १२ टक्के येतंय आणि घरी १७ टक्के. सर म्हणतात, बीटा वापरलंस ना, मग भोग आता."

तर झालं होतं असं. ही एमएस्सी करते आहे, वनस्पतिशास्त्रात. विषय आहे हळदीवरचा करपा. सांगली जिल्ह्यातल्या एका शेतात हळदीचे दोन प्लॉट. एकावर रासायनिक बुरशीनाशकाची फवारणी, दुसऱ्यावर जैविक. दोन्हीकडची १२०-१२० पानं घ्यायची आणि प्रत्येक पानाचा किती टक्के भाग करप्याने खाल्लाय ते मोजायचं. पूर्वी हे काम नजरेने चालायचं. पान बघायचं आणि शून्य ते पाचपैकी एक आकडा टाकायचा. कुणी फारच प्रामाणिक असेल तर पान आलेखाच्या कागदावर ठेवून चौकोन मोजायचं. आता फोनने फोटो काढतात आणि संगणकाला मोजायला लावतात. त्यासाठी जगभरच्या प्रयोगशाळांमध्ये चालतं ते 'इमेजजे' नावाचं फुकट सॉफ्टवेअर हीसुद्धा वापरते.

लॅबच्या संगणकावर त्याची जुनी आवृत्ती होती. घरच्या लॅपटॉपवर हिने हौसेने 'डेली बिल्ड' टाकलं होतं. म्हणजे अजून अधिकृतपणे जाहीर न झालेली, रोजच्या रोज बदलत जाणारी ताजी आवृत्ती. बीटाच म्हणा ना. लॅब पाच वाजता बंद होते, म्हणून रासायनिक प्लॉटची पानं लॅबमध्ये मोजली आणि जैविक प्लॉटची घरी. रासायनिकची सरासरी आली ११ टक्के, जैविकची १६. 'जैविक फवारणी तुलनेने कमी प्रभावी' असा निष्कर्ष लिहूनही झाला होता. मग सहज एक पान दोन्हीकडे तपासून बघितलं आणि पायाखालची जमीन सरकली.

खरं सांगतो, माझी पहिली प्रतिक्रिया सरांसारखीच होती. "कशाला नसते उद्योग केलेस? प्रबंधाच्या कामाला बीटा वापरतात का कुणी?" हे बोलणारा मी कोण, तर पोटासाठी सॉफ्टवेअर लिहिणारा आणि दर दोन आठवड्यांनी 'अजून थोडं कच्चं आहे' म्हणत ते ग्राहकाच्या गळ्यात मारणारा माणूस. असो.

चहा झाल्यावर मी हापिसात करतो तेच केलं. एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची. हिच्या लॅपटॉपवर लॅबमधलीच जुनी आवृत्ती टाकली आणि तेच पान मोजलं.

१७ टक्के.

म्हणजे बीटा निर्दोष! आरोपी भलताच होता.

तो सापडायला तासभर गेला. हिची पद्धत अशी: आधी लॅबमध्ये सगळ्या पानांच्या फोटोंवरून काळ्या-पांढऱ्या प्रतिमा करायच्या. करप्याचे ठिपके पांढरे, बाकी सगळं काळं. मग त्या पेनड्राइव्हवर घ्यायच्या. त्यानंतर 'ओपन' नावाची एक क्रिया चालवायची. ती काय करते, तर प्रत्येक ठिपक्याची कड थोडी तासते आणि मग तेवढीच परत वाढवते. मोठा ठिपका जवळजवळ होता तेवढाच राहतो, पण धुळीच्या कणाएवढे बारके ठिपके तासतानाच नाहीसे होतात, ते परत येत नाहीत. शेवटी उरलेले पांढरे पिक्सेल मोजायचे.

आता गंमत बघा. 'ठिपका' म्हणजे पांढरं की काळं, हे इमेजजेला कुणीतरी सांगावं लागतं. त्यासाठी 'ब्लॅक बॅकग्राउंड' नावाची एक सेटिंग आहे. लॅबच्या संगणकावर ती कुणीतरी कधीतरी चालू करून ठेवलेली. प्रोग्रॅम ती लक्षात ठेवतो, माणसं विसरतात. हिच्या लॅपटॉपवर ती बंद होती. त्यामुळे घरी प्रोग्रॅमच्या दृष्टीने काळा भाग हाच 'ठिपका' आणि करपा म्हणजे मागचा पडदा. मग तीच 'ओपन' क्रिया उलटी चालली. धूळ तशीच राहिली आणि शेजारशेजारच्या ठिपक्यांमधल्या अरुंद फटी मात्र भरून गेल्या. १२ चे १७ झाले. कुठेही लाल अक्षरात चूक दाखवली नाही, प्रोग्रॅम बंद पडला नाही, काही नाही. अगदी शांतपणे चुकीचा आकडा.

खूण चालू केली आणि बीटावर तेच पान मोजलं. १२ टक्के. रात्री जेवणं झाल्यावर जैविक प्लॉटची सगळी पानं परत मोजली, तर दोन प्लॉटमधला फरक पाच टक्क्यांवरून जेमतेम एका टक्क्यावर आला. म्हणजे एका खुणेपायी जैविक फवारणी नापास होणार होती. उद्या कुणी तो प्रबंध वाचून एखाद्या शेतकऱ्याला सल्ला दिला असता, तर त्याचे पैसे कुठे गेले असते याचा विचार करा.

जाता जाता आमची स्वतःचीही एक चूक सापडली. ठिपक्यांचा आकार मिलिमीटरमध्ये मिळावा म्हणून ही प्रत्येक पानाशेजारी रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढायची. कल्पना झकास. पण १९९२ नंतरचं स्टीलचं नाणं २५ मिलिमीटर व्यासाचं आणि २०११ नंतर आलेलं साधारण २२ चं. हिच्या फोटोंमध्ये दोन्ही होती आणि हिशोबात मात्र सगळीकडे २५. लहान नाण्याला मोठं समजलं की क्षेत्रफळ सुमारे २९ टक्क्यांनी फुगतं. रुपयाची किंमत घसरते हे माहीत होतं, व्यासही घसरतो हे त्या दिवशी कळलं :-)

पण मुद्दा नाण्याचा नाही. सर, मी आणि खुद्द ही, आम्हा तिघांनाही बीटाला दोषी ठरवायला एक सेकंदही लागला नाही. 'स्थिर' असं लेबल लावलेली आवृत्ती लॅबमध्ये वर्षानुवर्षं कुणी न तपासता चालली होती आणि ती बरोबर होती ती निव्वळ कुणा अनामिकाच्या कृपेने. हिच्या बीटामुळे निदान प्रश्न तरी पडला.

बीटा या शब्दाचं आपण वाटोळं केलंय, असं माझं प्रामाणिक मत आहे. जीमेल आठवा. एप्रिल २००४ मध्ये आलं आणि जुलै २००९ पर्यंत नावाखाली 'बीटा' मिरवत होतं. तोवर कोट्यवधी लोकांचे पगार, प्रेमपत्रं आणि राजीनामे त्यातून जाऊन आले होते. तेव्हापासून बीटा म्हणजे एकतर शोभेचा बिल्ला किंवा 'काही झालं तर आम्ही जबाबदार नाही' अशी पाटी, असं आपल्या डोक्यात बसलं.

शास्त्रज्ञांच्या मुक्त सॉफ्टवेअरची रीत वेगळी आहे. तिथे लोक फार लाजाळू असतात. चित्रांवर काम करणारे सगळेच वापरतात ते 'ओपनसीव्ही' इंटेलमध्ये १९९९ मध्ये सुरू झालं, २००१ ते २००५ मध्ये त्याचे पाच बीटा आले आणि १.० उजाडायला २००६ साल लागलं. 'सायपाय'ची पहिली आवृत्ती २००१ ची आणि १.० आली ऑक्टोबर २०१७ मध्ये. सोळा वर्षं! मधल्या काळात २०१६ मध्ये गुरुत्वीय लहरी सापडल्याचं जाहीर झालं. त्या विश्लेषणात वापरलेल्या साधनांमध्ये सायपाय होतं आणि तेव्हा त्याचा नंबर शून्य पॉइंट काहीतरी होता. (त्याच लहरी टिपणारी भारतातली वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढ्याला व्हायची आहे.) 'सायकिट-इमेज' २००९ मध्ये सुरू झालं आणि २०२४ संपताना ०.२५ वर होतं. तेव्हा नुसत्या नंबरावरून विश्वास ठेवायचा म्हटलं, तर अर्धं विज्ञान बंद करावं लागेल.

आणि इमेजजे? वेन रासबंड नावाच्या गृहस्थांनी अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत, म्हणजे एनआयएचमध्ये, १९८७ च्या सुमारास मॅकिंटॉशसाठी 'एनआयएच इमेज' लिहिलं. मग १९९७ मध्ये तेच जावात नव्याने लिहिलं, म्हणजे विंडोज, लिनक्स, सगळीकडे चालेल असं. सरकारी नोकरीत केलेलं काम, म्हणून त्यावर कुणाचाच मालकी हक्क नाही. कुणीही घ्यावं, बदलावं. पुढे त्याला भरपूर प्लगइन जोडून 'फिजी' निघालं. नावाचा अर्थच 'फिजी इज जस्ट इमेजजे'. ह्या सगळ्याची वाढ कशी झाली? कुणीतरी कच्ची आवृत्ती बाहेर सोडली, लांबच्या कुणीतरी ती आपल्या चित्रांवर चालवली, फाटलं तिथे कळवलं, आणि बहुतेक वेळा काही दिवसांत ठिगळ लागलं. पुढच्या आवृत्तीत आपल्याला मिळतो तो असा शिवलेला सदरा. मापं अर्थातच त्यांची, जे शिवताना समोर उभे होते.

मला कळीचं वाटतं ते हेच.

दुसऱ्या दिवशी हिला पानांचे आणखी फोटो हवे होते आणि मला तासगावला मामाकडे जायचं होतं, म्हणून दोघंही निघालो. कऱ्हाड, पेठ नाका, तिथून आत वळून आष्टा, सांगली, तासगाव. मामाची द्राक्षबाग. फळछाटणी नुकतीच झालेली, कोवळी फूट बाहेर आलेली आणि आभाळ भरून आलेलं. द्राक्षवाल्या घरात अशा दिवसांत कुणी धड जेवत नाही. आभाळ म्हणजे केवडा.

मामाला आम्ही काय करतो ते सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्या त्या फोटोच्या भानगडीला केवडा ओळखता येतोय का?"

प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. पानाच्या फोटोवरून रोग ओळखणाऱ्या बऱ्याच प्रोग्रॅमच्या मुळाशी 'प्लँटव्हिलेज' नावाचा फोटोंचा एक मोठा संच आहे. ५४,३०६ फोटो, १४ पिकं, २६ रोग. त्यावर शिकवलेल्या प्रोग्रॅमने ९९.३५ टक्के अचूकता दाखवली, असा निबंध २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि बराच गाजला. त्याच निबंधात हेही होतं की वेगळ्या परिस्थितीत काढलेले फोटो दिल्यावर अचूकता ३१ टक्क्यांच्या आसपास घसरली. पण ते कोण वाचतो!

आता त्या १४ पिकांची यादी बघा. सफरचंद, ब्लूबेरी, चेरी, पीच, रास्पबेरी वगैरे. हळद नाही. ऊस नाही. द्राक्ष आहे, पण त्याचे जे तीन रोग आहेत त्यांत केवडा नाही आणि भुरीही नाही. महाबळेश्वरची म्हणून स्ट्रॉबेरी शोधली, तर तिचा एकच रोग. ह्यात कुणाचं कटकारस्थान नाही. ज्यांनी फोटो काढले त्यांच्या शेतात जे होतं ते आलं. २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळवणारी आमची सांगलीची हळद त्यात नाही, कारण तिचा फोटो घेऊन तिथे कुणी गेलंच नाही.

हळदीची तर आणखी एक खोड आहे. काढणी जवळ आली की पानं आपली आपण पिवळी पडून वाळतात. तो रोग नव्हे, वय. पिवळं दिसलं की 'रोगट' असं रंगावरून ठरवणारा प्रोग्रॅम पौष-माघातल्या निरोगी हळदीला सरसकट आजारी म्हणेल. ही गोष्ट बेथेस्डात किंवा बर्लिनमध्ये बसलेल्या माणसाला कशी कळणार? त्याला हळद माहीत असलीच तर लाटेतून.

तीच कथा पुराची. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५. ढगांमुळे साधे उपग्रह आंधळे झाले होते, तेव्हा सेंटिनेल-१ च्या रडार प्रतिमा कामाला आल्या. प्रतिमाही फुकट आणि युरोपीय अवकाश संस्थेचं त्यावरचं 'स्नॅप' हे सॉफ्टवेअरही फुकट आणि मुक्त. शांत पाणी रडारला काळं दिसतं. एका ठरावीक पातळीपेक्षा काळं ते सगळं पाणी, असं धरून नकाशा होतो. पण आमच्याकडे नदीकाठी काय उभं असतं? पुरुषभर उंचीचा ऊस. त्याच्या बुडाशी साचलेलं पाणी रडारला दिसेलच असं नाही. ठरावीक पातळीच्या भरवशावर राहिलं, तर बुडालेला फड नकाशात कोरडाठाक निघू शकतो. आणि नकाशावरून नुकसान ठरायला लागलं की ही चूक शेतकऱ्याच्या सातबाऱ्यापर्यंत येते.

म्हणून म्हणतो, सॉफ्टवेअर बीटात असतं तोवर ओलं असतं. कुठला रंग काय समजायचा, कुठली सेटिंग आधीपासून चालू ठेवायची, कुठे थांबून इशारा द्यायचा, हे सगळं तेव्हा बदलता येतं. स्थिर आवृत्ती आली की ते वाळतं. मग हजारो लोकांच्या स्क्रिप्ट त्यावर बसलेल्या असतात आणि बदलायला कुणी धजावत नाही. तुमचं पान त्या ओल्या दिवसांत तिथे नसेल, तर नंतर 'हे आपल्याकडे चालत नाही' म्हणून बोटं मोडण्यात अर्थ नाही. सांगलीकरांना हे मी काय सांगावं? नाट्यपंढरी आपली! रंगीत तालमीला बोलावलेल्या माणसाने तिथेच 'मागे ऐकू येत नाही' म्हणून ओरडायचं असतं. पहिल्या प्रयोगाला ओरडणाऱ्याला लोक खाली बसवतात.

आता दुसरी बाजू. मित्र म्हणतो, ही सगळी फुकटात टेस्टिंग करून घ्यायची युक्ती आहे. असेल. पण विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंगही आपणच करतो, वर पैसे भरून. इथे निदान कोड उघडा असतो आणि कळवलेलं कुणीतरी वाचतं. वेळ कुणाकडे आहे, हा आक्षेप मात्र खरा आहे. लहान गावातल्या कॉलेजात एकाच संगणकावर चार जणांची पाळी असते आणि सबमिशन डोक्यावर असतं. त्या पोरांना 'या, बग शोधा' म्हणणं सोपं, करणं अवघड.

आणि काही ठिकाणी बीटा नकोच. तासगावहून मिरज हाकेच्या अंतरावर. १८९४ पासून वॉनलेसांच्या मिशन हॉस्पिटलने नाव कमावलेलं दवाखान्यांचं गाव. पेशींच्या काचपट्ट्या मोजणारं 'क्यूपाथ' नावाचं सुंदर मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्याचे कर्तेच सांगतात की हे संशोधनासाठी आहे, रोगनिदानासाठी नाही. रुग्णाच्या रिपोर्टवर कच्च्या आवृत्तीचा आकडा पडता कामा नये, ह्यात दुमत नाही. खरं तर न तपासलेल्या 'पक्क्या' आवृत्तीचाही पडू नये.

मग मधला मार्ग काय? तो मामानेच सांगितला, बीटाचं नावही न ऐकता. मी विचारलं, नवीन औषध बाजारात आलं की तू काय करतोस? म्हणाला, "काय करायचं? पहिल्या दोन ओळींवर मारून बघतो. बाकी बाग जुन्यावरच. दोन ओळी गेल्या तर गेल्या. पण नवीन बघायचंच नाही म्हटलं तर बाग म्हातारी होती."

दोन ओळी! आमच्या क्षेत्रात ह्यावर जाडजूड पुस्तकं आहेत आणि सर्टिफिकेटच्या परीक्षा आहेत.

तर परतीच्या वाटेवर मावसबहिणीने आणि मी मिळून ठरवलेली दोन ओळींची रीत अशी:

एक. चालू प्रयोगात आवृत्ती बदलायची नाही. जुनी असो की नवी, २४० च्या २४० पानं एकाच आवृत्तीवर, एकाच सेटिंगवर. आणि ती सेटिंग कुणाच्या आठवणीवर सोडायची नाही. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीतच लिहून टाकायची. आवृत्तीचा नंबर प्रबंधात छापायचा, गाइडच्या नावाइतक्याच आदराने.

दोन. पाच पानं 'साक्षीदार' म्हणून बाजूला काढायची. ती आलेखाच्या कागदावर हाताने मोजायची. होय, चौकोन मोजत. एक दुपार जाईल. मग कुठलीही आवृत्ती किंवा कुठलाही संगणक आला की आधी ह्या पाच पानांची साक्ष. आकडे जुळले तर पुढे. ह्या मुलीने हे आधी केलं असतं तर १७ टक्के पहिल्याच दिवशी पकडले गेले असते.

तीन. बीटा ह्या पाच पानांवर जरूर चालवायचा. तीच आपली दोन ओळींची बाग. आणि बिघडलं तर कळवायचं. 'चालत नाही' असं नव्हे. कुठलं चित्र, कुठली आवृत्ती, कुठल्या क्रमाने काय केलं, काय यायला हवं होतं आणि काय आलं. चित्र सोबत जोडायचं. इंग्रजी मोडकं असलं तरी बिघडत नाही. पलीकडचा माणूस बहुतेक वेळा जर्मन किंवा जपानी असतो, त्याचंही आपल्यासारखंच असतं.

ह्यातल्या तिसऱ्या कलमावर ती बराच वेळ गप्प होती. कऱ्हाड मागे पडल्यावर म्हणाली, "पण दादा, आपण कोण त्यांना सांगणारे? साताऱ्यात बसून?"

मला वाटतं, खरी अडचण ही आहे. वेळेची नाही, इंग्रजीची नाही. आपण वापरणारे आणि बनवणारे ते, ही वाटणी आपण मनातल्या मनात करूनच टाकलेली असते. ज्या जिल्ह्यात कर्मवीरांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, तिथल्या मुलीला हा प्रश्न पडावा ह्याचं वाईट वाटलं. तिला म्हटलं, हळदीच्या पानाबद्दल ह्या क्षणी त्या सगळ्यांपेक्षा तुला जास्त कळतं. तू नाही सांगितलंस तर कोण सांगणार?

काल तिचा फोन आला. सरांना सगळं दाखवलं. सर आधी चिडले, मग त्यांनी लॅबमधल्या प्रत्येक संगणकाची ती खूण तपासायला लावली. एकूण सहा संगणक. चारांवर चालू, दोनांवर बंद. ह्याआधीचे किती प्रबंध कुठल्या संगणकावर झाले, हा प्रश्न खोलीत सगळ्यांना पडला आणि कुणीच विचारला नाही.

आणि हो, तिने इमेजजेवाल्यांना एक पत्र पाठवलंय. आठ ओळींचं इंग्रजी, सोबत साक्षीदार पानांपैकी एक. सूचना एवढीच, की आधीच तयार झालेली काळी-पांढरी प्रतिमा उघडताना पार्श्वभूमी आणि सेटिंग जुळत नसेल तर एक इशारा दाखवता येईल का? उत्तर अजून आलेलं नाही. येईल किंवा नाही येणार.

पण सांगलीच्या हळदीचं एक पान आता तिकडे पोचलंय. मूळचा उद्देश खादाडीचा होता, तोही मावशीने पूर्ण केला. तस्मात वीकांत सत्कारणी :-)